त्रिरश्मीवरील चीवर आणि भिंतीपलीकडचा कचरा

नाशिक शहराच्या नैर्ऋत्येस, मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या डोंगरावर एकूण २४ बुद्धलेणी आहेत. लोकव्यवहारात त्यांना ‘पांडवलेणी’ म्हणतात. ही लेणी पांडवांनी कोरल्याचा उल्लेख तेथील एकाही शिलालेखात नाही. अर्जुन व भीमसेन यांची नावे येतात ती गौतमीपुत्र सातकर्णीच्या पराक्रमाला उपमा म्हणून. डोंगराचे नाव मात्र शिलालेखांनी स्पष्टपणे दिले आहे. ते ‘तिरण्हु’, म्हणजे त्रिरश्मी. या लेण्यांचा अभ्यास बहुधा राजवंशांच्या कालनिर्णयासाठी झाला. क्षहरात केव्हा आले, सातवाहनांनी त्यांना केव्हा हुसकावले, या चर्चेत विद्वानांची पिढ्यान्‌पिढ्यांची शक्ती खर्च झाली आहे. त्या मानाने येथे राहणारा भिक्खू काय पांघरत होता, ते वस्त्र कोठून येत होते आणि जुने झाल्यावर त्याचे काय होत होते, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. प्रस्तुत लेखात तो विचारावयाचा आहे. घरातील वस्तू कमी वापराव्यात, कचरा कमी करावा असा उपदेश आज सर्वत्र ऐकू येतो. त्या उपदेशाकडे धम्माच्या अभ्यासकाने कोणत्या दृष्टीने पाहावे, हे ठरविण्यास या प्रश्नाची मदत होते.

दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याचा प्रसिद्ध लेख आहे. ४२ व्या वर्षाच्या वैशाखात त्याने हे लेणे चातुद्दिस संघाला दिले आणि त्याबरोबर ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी ठेवली. ही रक्कम गोवर्धन येथील श्रेणींकडे गुंतविलेली होती. त्यांपैकी २,००० एका कोलिक-निकायाकडे दरमहा शेकडा १ व्याजाने आणि १,००० दुसऱ्या कोलिक-निकायाकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. कोलिक म्हणजे विणकर. मुद्दल परत मागावयाचे नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, अशी अट लेखात घातली आहे. २,००० वर शेकडा १ म्हणजे महिन्यास २० आणि वर्षास २४० कार्षापण होतात. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण ‘चीवरिक’ म्हणून मिळावेत असे लेख सांगतो, आणि २० गुणिले १२ म्हणजे बरोबर २४०. हिशेब एका कार्षापणानेही चुकलेला नाही. उरलेल्या १,००० चे ९० कार्षापण व्याज ‘कुशणमूल’ या खर्चासाठी होते. या शब्दाच्या अर्थाविषयी मतभेद आहेत, म्हणून तो येथे सोडून देऊ.

वस्त्रासाठी ठेवलेली रक्कम वस्त्र विणणाऱ्यांच्याच हाती दिली गेली, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. विणकरांना भांडवल मिळाले, संघाला वस्त्र मिळाले आणि मुद्दल शाबूत राहिले. पुढे आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षी विष्णुदत्ता या शक उपासिकेने त्रिरश्मीवरील आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी अशाच अक्षयनीवी ठेवल्या. त्यांत ओदयंत्रिक म्हणजे जलयंत्रे करणाऱ्यांची आणि तिलपिषक म्हणजे तेल गाळणाऱ्यांची श्रेणी आहे. ज्या कारागीर जातींना नंतरच्या काळात शूद्र म्हणून खाली ढकलण्यात आले, त्यांच्या संघटनांवर त्या काळी शकांच्या राजकुटुंबानेसुद्धा आपली ठेव निर्धास्तपणे सोपविली होती.

दान केवळ जाहीर होऊन भागत नाही, ते उपयोगात आले पाहिजे, ही जाणीवही येथील लेखांत आढळते. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत गौतमीपुत्राचे दोन आदेश कोरलेले आहेत. १८ व्या वर्षी त्याने पश्चिमेकडील काखडी गावातील २०० निवर्तने शेत भिक्खूंना दिले. २४ व्या वर्षी असे आढळले, की त्या गावात वस्ती राहिली नाही आणि शेतही कसले जात नाही. तेव्हा नगराच्या सीमेवरील राजकीय जमिनीतून १०० निवर्तने नव्याने देण्यात आली. पडीक दानपत्राचा दगड मिरवीत बसण्यापेक्षा निम्मी पण कसणारी जमीन बरी, असा हा व्यवहार होता. गौतमीपुत्राचे राज्य वस्तूंच्या पुनर्वापरातही मागे नव्हते. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यात १३,००० हून अधिक नाणी होती आणि त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. जिंकलेली नाणी वितळविण्याचाही खर्च त्याने केला नाही.

आता चीवराकडे वळू. विनयपिटकाच्या महावग्गातील चीवरक्खन्धकानुसार, आरंभी भिक्खू पंसुकूल म्हणजे धुळीच्या, उकिरड्याच्या वा स्मशानाच्या जागी पडलेली वस्त्रे गोळा करून शिवीत. जीवक वैद्याने मौल्यवान वस्त्र अर्पण केल्यानंतर गृहस्थांनी दिलेले चीवर स्वीकारण्यास भगवंतांनी अनुमती दिली. ज्याला पंसुकूल हवे त्याने ते वापरावे, ज्याला गृहस्थाचे हवे त्याने ते घ्यावे. मगधातील बांध घातलेली भातशेते पाहून त्या आकृतीप्रमाणे तुकडे जोडून चीवर शिवावे, असे आनंदांना सांगितल्याची कथाही तेथेच आहे. अखंड किमती वस्त्रसुद्धा कापून, जोडून वापरावयाचे, म्हणजे त्याचे बाजारमूल्य संपते आणि चोरालाही त्याचा मोह होत नाही.

या वस्त्राचे पुढे काय होई, याचे सविस्तर वर्णन चुल्लवग्गाच्या पञ्चसतिकक्खन्धकात मिळते. भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतरचा हा प्रसंग आहे. आनंद कोसंबीला आले असता राजा उदयनाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी त्यांचा उपदेश ऐकला आणि ५०० उत्तरासंग दान केले. राजाला हे कळले तेव्हा तो रुष्ट झाला. श्रमणाने इतकी वस्त्रे घेऊन करावयाचे काय? तो कापडाचे दुकान घालणार आहे काय? राजा स्वतः आनंदांकडे गेला आणि त्याने एकामागून एक प्रश्न विचारले. एवढ्या चीवरांचे काय करणार? ज्यांची चीवरे विरली आहेत त्या भिक्खूंना वाटून देऊ. मग त्यांच्या जुन्या चीवरांचे काय? त्यांची अंथरुणावर घालण्याची आच्छादने करू. ती जुनी झाली की? गादीच्या खोळी, भिसिच्छवी. त्या विरल्या की? जमिनीवर अंथरण्याचे भुम्मत्थरण. त्यानंतर पादपुञ्छनी. त्यानंतर रजोहरण, म्हणजे धूळ झाडण्याचे फडके. आणि ते फडकेही जुने झाले की? ते कुटून, चिखलात मळून त्याने भुई लिंपून घेऊ. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी ५०० वस्त्रे दिली.

हा उतारा वाचताना मराठी वाचकाला शब्दकोश फारसा उघडावा लागत नाही. ‘चिक्खल्ल’ म्हणजे आपला चिखल, ‘कोट्टेत्वा’ म्हणजे कुटून, ‘लिम्पति’ म्हणजे लिंपणे. आणि पादपुञ्छनी हा शब्द उच्चारताच पायपुसणे आठवते. शब्द ओळखीचे वाटतात, कारण ती कृतीही आपल्या घरांतून अलीकडेपर्यंत नाहीशी झालेली नव्हती. नऊवारी लुगडे विरले की त्याची वाकळ वा गोधडी होई, गोधडी फाटली की तिचे पायपुसणे, आणि शेवटी ते चुलीजवळचे पोतेरे. ज्यांच्या आज्यांनी भुई सारवली आहे त्यांना हा क्रम पाठ आहे. चिखलात तंतू मिसळण्यामागे बांधकामाचे शास्त्रही आहे. नुसती माती वाळताना आकसते व तडकते. तंतू तिला धरून ठेवतात. अजिंठ्याच्या चित्रांखालील मातीच्या गिलाव्यात भाताचा तूस व वनस्पतींचे तंतू आहेत. वेरूळच्या गिलाव्यात भांगेचे तंतू मिसळले असल्याचे संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झाले.

वस्तू टिकविण्याचे आणखी काही नियम पातिमोक्खात आहेत. भिक्खापात्राला पाच बंध, म्हणजे पाच ठिकाणी दुरुस्ती झालेली नसताना नवे पात्र मागणे हा निस्सग्गिय पाचित्तिय दोष होय. लोकरीचे नवे आसन केले तर ते सहा वर्षे वापरले पाहिजे. नवे निसीदन-सन्थत करताना जुन्याचा वीतभर तुकडा त्यात घातला पाहिजे. हिरव्या गवतावर वा पाण्यात थुंकू नये व मलमूत्रविसर्जन करू नये, असे सेखिय नियम सांगतात.

येथवर सर्व सरळ आहे, आणि पर्यावरणावर लिहिणारे अनेक लेखक येथेच थांबतात. बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वी पुनर्वापर शिकविला, एवढे सांगून ते मोकळे होतात. आपल्याला तसे थांबता येणार नाही, कारण जुने वस्त्र आणि फुटके भांडे यांचा या देशात दुसराही एक इतिहास आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळ व श्वपच यांच्यासाठी जे निर्बंध घातले आहेत त्यांत गावाबाहेरची वस्ती, प्रेतावरची वस्त्रे आणि फुटक्या भांड्यातले जेवण यांचा समावेश आहे. वस्तू पाहिल्या तर त्या पंसुकूलिक भिक्खूच्याच आहेत. स्मशानातले वस्त्र दोन्हीकडे आहे, आणि फुटके भांडेही दोन्हीकडे आहे. परंतु एका ठिकाणी क्षत्रियकुळातून आलेला भद्दिय आणि न्हावी उपाली हे एकाच नियमाखाली, स्वेच्छेने आणि जन्माचा विचार न करता सांधलेले पात्र वापरतात. दुसऱ्या ठिकाणी जन्माने ठरलेल्या माणसावर फुटके पात्र लादले जाते आणि ते बदलण्याचा त्याचा अधिकार काढून घेतला जातो. एकाला आपण अपरिग्रह म्हणतो. दुसऱ्याला काटकसर म्हणणे हा त्या माणसाचा अपमान आहे.

महाडच्या मार्च १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस व शिळेपाके तुकडे सोडून देण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी डिसेंबरात, मनुस्मृतिदहनानंतर, त्यांनी स्त्रियांना अस्पृश्यतेची ओळख पटविणारा पेहराव व दागिने टाकून देण्यास आणि इतर स्त्रियांप्रमाणे नीटनेटके लुगडे नेसण्यास सांगितले. नव्या स्वच्छ लुगड्याचा हा आग्रह उधळपट्टीचा नव्हता. तो माणूसपणाचा दावा होता. पुढे १९५० साली ‘महाबोधी’ या नियतकालिकात बुद्ध आणि त्यांच्या धर्माचे भवितव्य या विषयावर लिहिताना त्यांनी धर्माची जी कसोटी सांगितली तिचे एक कलम असे, की धर्माने दारिद्र्याला पावित्र्य देता कामा नये. ज्याच्यापाशी आहे त्याने सोडणे कदाचित स्तुत्य असेल. नसणे हे स्तुत्य नव्हे. आजचा कोणताही साधेपणाचा उपदेश आपण याच कसोटीवर घासून पाहिला पाहिजे. वस्तीतल्या ज्या कुटुंबाने आयुष्यभर दुसऱ्यांनी टाकलेले वापरले, त्याला ‘जुने वापरा’ असे ऐकविणे सुसंस्कृतपणाचे नाही.

मग उपासकासाठी धम्मात काय आहे? भिक्खूचे नियम त्याला जसेच्या तसे लागू नाहीत. त्याच्यासाठी अंगुत्तरनिकायात वेगळा, अधिक व्यवहारी विचार आढळतो. चतुक्कनिपातातील कुलसुत्तात वैभवाला पोहोचलेली कुटुंबे का टिकत नाहीत याची चार कारणे दिली आहेत. हरवलेले शोधत नाहीत, जीर्ण झालेले दुरुस्त करीत नाहीत, खाण्यापिण्यात प्रमाण राखत नाहीत आणि दुराचारी माणसाच्या हाती कारभार देतात. दुरुस्ती ही येथे तपस्या म्हणून येत नाही. ती घर टिकविण्याची रीत म्हणून येते. अट्ठकनिपातात कोलिय दीघजाणूला भगवंतांनी समजीविता सांगितली. मिळकत आणि खर्च यांचा ताळमेळ राखावा, फार उधळू नये आणि फार कंजूषपणाही करू नये. उधळ्याला तेथे उंबर खाणाऱ्याची उपमा आहे. अट्ठकथा ती उलगडून सांगते, की उंबराचे झाड गदगदा हलवून तो ढीगभर फळे पाडतो, थोडी खातो आणि बाकीची तशीच टाकून जातो. ज्याने उंबराखालचा सडा पाहिला आहे त्याला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. कंजूषाची निंदाही त्याच दमात येते, हे विसरू नये.

कचऱ्याच्या संदर्भात मला विनयातील सर्वांत मोलाचा नियम वाटतो तो भिक्खुनींच्या पातिमोक्खातील आठवा पाचित्तिय. मलमूत्र, केरकचरा किंवा उष्टेखरकटे भिंतीपलीकडे टाकू नये, असा हा नियम आहे. त्याची निदानकथा मोठी मौजेची आहे. राजाकडे नेमणूक मागावयास डोके धुऊन निघालेला एक ब्राह्मण भिक्खुनींच्या निवासावरून जात होता. आतून एकीने घाण भिंतीवरून फेकली, ती नेमकी त्याच्या डोक्यावर पडली. तो निवास जाळावयास कोलीत घेऊन धावला. एका उपासकाने ‘हा शुभशकुन आहे, नेमणूक मिळेल’ असे सांगून त्याला शांत केले, आणि योगायोगाने त्याला ती मिळालीही. नववा नियम हीच घाण हिरव्या पिकावर टाकण्यास मनाई करतो. कथा हसवते, परंतु नियम बारकाईने वाचला तर त्याचा रोख घाण असण्यावर नाही, ती कोठे टाकली यावर आहे. भिंतीपलीकडे कोणीतरी असतो, हे विनय गृहीत धरतो. वर्णव्यवस्थेने नेमके उलट गृहीत धरले. भिंतीपलीकडे जो आहे तो घाण उचलण्यासाठीच आहे, म्हणून घाण टाकणाऱ्याला तिचा विचार करण्याचे कारण उरत नाही. आपल्याकडील घरे लख्ख आणि रस्ते गलिच्छ का, याचे एक उत्तर येथे मिळते.

संघात ही कामे कोणी करावयाची, हेही विनयाने ठरवून दिले आहे. चुल्लवग्गाच्या वत्तक्खन्धकात वच्चकुटीचे म्हणजे शौचकूपाचे वत्त दिले आहे. ती घाण झालेली दिसली तर धुवावी, आवार केराने भरले असेल तर झाडावे, पाण्याच्या कुंभात पाणी नसेल तर भरून ठेवावे. ज्याला दिसेल त्याने करावयाचे. त्यासाठी वेगळा माणूस नेमलेला नाही. शौचकूपात आधी ज्येष्ठतेप्रमाणे जाण्याची प्रथा होती. त्यामुळे नवदीक्षित भिक्खू वेग आवरून मूर्च्छित पडू लागले, तेव्हा येईल त्या क्रमाने जावे असे भगवंतांनी ठरविले. अभ्यासक या प्रकरणाकडे सहसा वळत नाहीत. समतेचा विचार मात्र तेथे जितका स्वच्छ दिसतो तितका अनेक दार्शनिक सुत्तांतही दिसत नाही.

सुनीत थेर संघात येण्यापूर्वी पुप्फछड्डक होते, म्हणजे कोमेजलेली फुले उचलून टाकण्याचे काम करीत. थेरगाथेत त्यांच्या गाथा आहेत आणि ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी त्यांच्या दीक्षेला स्थान दिले आहे. इतरांनी वाहिलेल्या फुलांचे निर्माल्य उचलणे हे त्या काळीही कोणा एका जातीकडे होते, आणि आजही कचरा हाताळणाऱ्यांत दलितांची, विशेषतः दलित स्त्रियांची संख्या मोठी आहे. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्या सदस्यांत बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत. कचरावेचक म्हणजे भिकारी वा चोर नव्हे, तर शहराचा माल परत वापरात आणणारा श्रमिक होय, हे त्यांनी महापालिकेकडून ओळखपत्रे मिळवून मान्य करून घेतले. २००८ पासून त्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घरोघरी कचरा गोळा करू लागली. त्याच १९९३ साली हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा कायदा झाला आणि २०१३ साली दुसरा करावा लागला, हे दोन्ही शेजारी ठेवून वाचले पाहिजे.

नाशिकमध्ये घंटागाडी आली आणि कचरा पाथर्डीच्या खतप्रकल्पाकडे जाऊ लागला. हा प्रकल्प त्रिरश्मीपासून फार दूर नाही. ज्या डोंगरावर पावसाचे पाणी साठविण्यासाठी दात्यांनी ‘पोढी’ खोदवून तिचा उल्लेख अभिमानाने शिलालेखात केला, त्याच परिसरात आज शहराचे टाकलेले सर्व येऊन पडते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे वर्गीकरण घराघरावर बंधनकारक केले. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्या व थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी घातली, आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकण्याच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. तरी ओले-सुके एकत्र भरलेली बादली जेव्हा गाडीत रिकामी होते तेव्हा ती वेगळी करणारे हात कोणाचे असतात, हे सांगण्याची गरज नाही. घरातच कचरा वेगळा करणे म्हणजे तो भिंतीपलीकडे न टाकणे होय. पर्यावरणापेक्षा हे कारण मला अधिक पुरेसे वाटते.

बाजाराने या विषयाचेही दुकान मांडले आहे. बांबूचे दातघासणे, नारळाच्या शेंड्यांची घासणी, ज्यूटच्या पिशव्या, पोलादी नळ्या सुंदर वेष्टनांत येतात आणि त्यांच्या किमती गिरणीतल्या वा शेतातल्या मजुराला परवडणाऱ्या नसतात. चांगला असलेला डबा टाकून ‘पर्यावरणपूरक’ डबा आणणाऱ्याने पाच बंधांचा नियम आठवावा. नारळाची शेंडी आणि राख यांनी भांडी घासणाऱ्या बायांकडून हे ज्ञान फुकट उचलले गेले आहे. ते त्यांनाच परत विकले जाऊ नये एवढेच म्हणतो.

आपल्या विहारांत मात्र पुष्कळ करता येण्यासारखे आहे आणि त्याला खर्च नाही. बुद्धपौर्णिमा, १४ एप्रिल, १४ ऑक्टोबर या दिवशींच्या भोजनदानासाठी विहाराची स्वतःची पोलादी ताटे असली आणि ती उपासकांनी, पुरुषांनीसुद्धा, स्वतः धुतली तर वत्तक्खन्धकाचे आचरण होते. वाहिलेली फुले त्याच आवारात कुजवून बोधिवृक्षाच्या मुळाशी घालता येतात. कठिणदानात येणाऱ्या चीवरांची संख्या आणि वर्षावास करणाऱ्या भिक्खूंची संख्या यांचा ताळा अनेक ठिकाणी बसत नाही. चीवरे कपाटात पडून राहतात. उदयनाने आनंदांना विचारलेला प्रश्न तेथे विश्वस्तांना विचारावयास हरकत नाही, आणि त्याचे उत्तर तोंडी न देता मांडून दाखविले पाहिजे. उषवदाताने आपल्या ३,००० कार्षापणांची व्यवस्था लेण्याच्या भिंतीवर कोरली ती नंतर. तत्पूर्वी ती गोवर्धनच्या निगमसभेत सर्वांना ऐकविली गेली आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदविली गेली.